भोंग्याखालची जागा

महिपतीच्या ॲम्पचं दुखणं काय आहे ते पेणच्या एकाही मेकॅनिकला सापडेना, आणि त्यामुळे महिपतीचा समस्त मेकॅनिकांवरचा विश्वास उडाला होता. गेल्या गणपतीपासून ॲम्पची धार गेली होती. गिटारची बारीक तार छेडली की पूर्वी आवाज कसा लख्ख निघायचा. आता गोधडीखालून कोणी हाक मारावी तसा यायचा. त्याने तारा बदलल्या, तारांखालचं पिकअप बदललं, केबल बदलली. नाथा मेकॅनिकने ॲम्प दोनदा उघडला, तिसऱ्यांदा आतला स्पीकरच नवा बसवला आणि शेवटी हात जोडून सांगितलं की याला काहीएक झालेलं नाही, चांगल्या जिवाला पुन्हा पुन्हा टेबलावर आडवं पाडू नकोस. महिपतीने त्या दिवसापासून नाथाशी बोलणं टाकलं.

महिपती पेणच्या खाडीकडच्या गावातला. बाप मिठागरावर राबला, हा नागोठण्याजवळच्या एका कंपनीत पॅकिंगला लागला, तीन शिफ्टमध्ये. पण गावात त्याला कंपनीवाला म्हणून कोणी ओळखत नव्हतं. तो सुशीलच्या बेंजो पार्टीचा लीड होता. हळद असो, पालखी असो, विसर्जन असो, टेम्पोवर जनरेटर आणि भोंगे चढवून पार्टी निघायची. ढोल, ताशा, ऑक्टोपॅड सगळे मिळून जमीन हादरवायचे आणि त्या सगळ्यांच्या वरून गाण्याची चाल उचलून नेणारं वाद्य एकच, ते म्हणजे लीड. पूर्वी ते काम बेंजो करायचा, म्हणून पार्टीचं नाव बेंजो पार्टी. महिपतीने त्या जागी गिटार आणली त्याला बावीस वर्षं झाली. म्हाताऱ्यांनी आधी नाकं मुरडली, मग तेच म्हातारे त्या गिटारीवर सगळ्यात पुढे नाचायला लागले.

लीडची उभं राहण्याची जागा ठरलेली असे. टेम्पोच्या डाव्या अंगाला, भोंग्याच्या बरोबर खाली. ही जागा कशी ठरली त्याचीही गंमत आहे. महिपतीच्या आधीचे लीड दाजी, ते बेंजो वाजवायचे त्या काळात वायर आखूड होती, टेम्पोपासून दोन हातांपलीकडे पोचत नव्हती, म्हणून दाजी बिचारे भोंग्याखाली उभे राहायचे. पुढे हव्या तेवढ्या लांब वायरी आल्या, पण तोवर ती अडचण मानाची जागा होऊन बसली होती. तिथे दुसरं कोणी उभं राहिलं तर भांडणं व्हायची. दाजी थकले तेव्हा त्यांनी महिपतीला हाताला धरून तिथे नेऊन उभं केलं, आणि त्यानंतर महिपती त्या जागेवरून हलला नाही. तो म्हणायचा, इथे उभं राहिलं की आपलं वाजवणं आपल्याच छातीत वाजतं.

ॲम्पची धार गेल्यापासून तो ट्रेबल, म्हणजे आवाजातला बारीक, टोकदार भाग, वाढवत चालला होता. गणपतीत दोनतीन ठिकाणी लोक कुरकुरले की लीड कानाला टोचतोय. महिपतीला हे हास्यास्पद वाटलं. मंद झालेला आवाज टोचेल कसा? लोकांना नावं ठेवायला निमित्त हवं असतं, एवढाच त्याने अर्थ काढला. डिसेंबरात गावातल्या जित्याच्या हळदीला तर त्याच मरगळलेल्या ॲम्पवर त्याने असं वाजवलं की पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. एकच गाणं तीनदा वाजवायला लावलं. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घरी आल्यावर तो नूतनला म्हणजे बायकोला ते पुन्हा पुन्हा सांगत राहिला, ती स्वतः त्या हळदीला हजर असूनसुद्धा.

पण एक काटा मनात सलत होता. पार्टीतला कीबोर्डवाला धनेश हल्ली कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून सगळ्या चाली बसवत होता, आणि सुशील त्याला शिकवत होता. महिपतीने हे दोनदा डोळ्यांनी पाहिलं. सुशील पार्टीचा मालक, सगळ्या वाद्यांचे आवाज जुळवून भोंग्यात सोडणाऱ्या मिक्सरवर बसणारा, शिवाय लहानपणापासूनचा दोस्त. तरी महिपतीच्या मनात पाल चुकचुकली. चैत्रात गावच्या देवीची पालखी होती. त्याआधी चांगला ॲम्प आला नाही, तर भोंग्याखाली आपल्याऐवजी धनेश उभा राहील, हे त्याने मनाशी धरलं. आणि लीड गेला तर आपल्यापाशी उरतं काय? पॅकिंग.

सुशील नव्या ॲम्पचं काही मनावर घेईना. जुना बरा हाय, पुढच्या मोसमात बघू, असं म्हणून तो विषय बदलायचा. शेवटी महिपतीनेच माग काढला. रोह्याला आदेश नावाच्या माणसाचा ऑर्केस्ट्रा बंद पडला होता आणि तो सामान विकत होता. शिमगा झाल्यावरच्या रविवारी महिपतीने सुशीलला टेम्पो काढायला लावला. नूतनलाही चल म्हणाला. खरेदी चांगली झाली तर कौतुकाला बायको हवी, आणि फसली तर दोष वाटून घ्यायलाही.

वडखळ मागे पडल्यापासून नागोठणं येईपर्यंत तो एकटाच बोलत होता. व्हॉल्व्हचा ॲम्प घ्यायचा की ट्रान्झिस्टरचा? व्हॉल्व्हचा आवाज गोड खरा, पण तो टेम्पोचे धक्के आणि जनरेटरची वरखाली होणारी वीज सोसत नाही. किती वॅटचा घ्यायचा? स्पीकर बारा इंची तर हवाच. सूर लांब टिकला पाहिजे आणि मुख्य म्हणजे धार हवी, धार. सुशील समोर रस्त्याकडे बघून हूं हूं करत होता. नूतन दोघांच्या मध्ये बसली होती. तिने एकदाही विचारलं नाही की घरात दोन पंखे बंद असताना हा खर्च कशाला. महिपतीला त्याचंही बरं वाटलं.

आदेश पस्तिशीचा, मोकळा माणूस निघाला. पडवीत त्याने तीन ॲम्प मांडून ठेवले होते: एक जुना व्हॉल्व्हचा, एक शंभर वॅटचा धिप्पाड, आणि एक तीस वॅटचा लहानसा, ज्याच्या पुढचं कापड कोपऱ्यात फाटलं होतं. आदेशची आई गिरजाबाई सत्तरीची असेल; तिने सगळ्यांना कोकम सरबत दिलं आणि उंबऱ्यात बसली. आदेशने आधीच सांगितलं की लीडला वॅट कमी असले तरी चालतात. ढोल खालचं सगळं खातो, झांज वरचं सगळं खाते, मधला जो आवाज उरतो तिथे लीडने राहायचं. मग गर्दीतही तो ऐकू जातो आणि टोचत नाही. यात तीस वॅटचा हा लहाना सगळ्यात गोड, असं त्याचं म्हणणं.

महिपतीने लहान्यात गिटार जोडली आणि दोन फेऱ्या वाजवल्या. मंद. व्हॉल्व्हचा, तोही मंद. मग शंभरवाल्यात जोडून त्याने ट्रेबल पूर्ण फिरवला आणि वरच्या पट्टीत चाल उचलली, तेव्हा कुठे त्याला जुन्या धारेची थोडीशी ओळख पटली. हां, हा जरा बरा. तो डोळे मिटून वाजवत राहिला. डोळे उघडले तेव्हा गिरजाबाई उंबऱ्यात नव्हत्या. नूतनने खुर्ची पार अंगणात नेली होती आणि आदेश दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होता.

आदेशला यांचं आपसातलं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून तो सरळ बोलला. "दादा, राग मानू नका. ह्यो आवाज तुम्हाला टोचत नाय?"

महिपती म्हणाला, टोचतो कुठला, अजून उघडायला पाहिजे. आदेशने सुशीलकडे पाहिलं. सुशीलने मान खाली घातली. मग आदेशने महिपतीच्या हातातून गिटार घेतली, आवाज बेताचा केला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं, आईलासुद्धा. ऑर्केस्ट्रात नवीन माणूस घेताना आम्ही असं करायचो, म्हणाला. सगळ्यांनी हात वर करायचा. मी तार छेडतो. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा, सूर विरला की खाली घ्यायचा. पोरखेळच होता, पण सगळ्यांनी हात वर केले.

आदेशने सगळ्यात बारीक तारेवर बोट नुसतं टेकवून अगदी उंच, पातळ सूर काढला. महिपतीला तो टिचकीसारखा लागला आणि गेला. त्याने हात खाली घेतला. बघतो तर बाकीच्यांचे हात वरच. त्याला वाटलं, चुकले असतील. पण हात वरच होते. नूतनचा, सुशीलचा, आदेशचा, आणि गिरजाबाईंचा सुरकुतलेला हातसुद्धा. त्या सगळ्यांना काहीतरी ऐकू येत होतं आणि पडवी त्याच्यापुरती गप्प होती. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकेक हात खाली आला. म्हातारीचा हात सगळ्यात शेवटी.

महिपती ॲम्पवर बसला. मग तो सुशीलला म्हणाला, "तुला ठाव व्हतं."

सुशील व्हय म्हणाला आणि मग एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना. गणपतीतच त्याच्या ध्यानात आलं होतं. लोकांना टोचू नये म्हणून तो महिपतीच्या लाइनचा, म्हणजे ॲम्पवरून मिक्सरला येणाऱ्या वायरीचा, ट्रेबल मिक्सरवर काढून टाकायचा. महिपती ॲम्पवर वाढवायचा, हा तिकडे काढायचा. पुढे पुढे काढायलाही काही उरेना. जित्याच्या हळदीला नवरदेवाचा मामा टेम्पोवर चढून भांडायला आला, तेव्हा सुशीलने लाइनच बंद केली.

"बंद म्हंजे?"

"भोंग्यात तुझी गिटार गेलीच नाय. धनेशनं कीबोर्डवर तुझी चाल वाजवली. त्या दिवसापासनं तसंच चाललंय. सांगायला माझी जीभ नाय रेटली रे."

खांद्यावर घेतलेला तो दिवस महिपतीच्या डोळ्यांसमोर आला. तीनदा वाजवलेलं ते गाणं. पोरांच्या खांद्यावर बसून त्याने गिटार वर धरली होती, दात काढून हसला होता, आणि पलीकडे टेम्पोत बसून ते गाणं धनेश वाजवत होता. सगळ्या पार्टीला हे माहीत होतं. ढोलवाल्यांना, ताशावाल्यांना, टेम्पोच्या ड्रायव्हरला. त्याने नूतनकडे पाहिलं. घरी येऊन तो तिला तेच तेच सांगत होता आणि ती ऐकून घेत होती, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तूबी?" त्याने विचारलं.

तिचे डोळे भरले होते.

मग महिपतीला संताप आला. त्याने शंभरवाल्यावर थाप मारली आणि आदेशला म्हणाला, हाच बांधा. याला मिक्सर नको, भोंगा नको, कुणाची मेहेरबानी नको. हा एकटा अर्ध्या गावाला ऐकू जाईल. याची लाइन कोणाच्या बापाला बंद करता येणार नाही. आदेश दोरी आणायला आत गेला. सुशील अंगणात जाऊन टेम्पोच्या चाकापाशी उभा राहिला. तो रडत होता, पण पाठमोरा.

नूतन उठून आली आणि तिने तो लहान ॲम्प स्वतःच ओढत महिपतीच्या पुढ्यात आणला. "एकदा माझ्या तोंडाकडं बघून वाजवा," ती म्हणाली. "कानाचं सोडा."

तिचं मन मोडायला नको म्हणूनच खरं तर त्याने गिटार जोडली. एक सूर काढायचा आणि तिच्याकडे बघायचं. ट्रेबल निम्म्यावर असताना तिच्या कपाळाला आठी होती. त्याने तो कमी केला. आठी गेली, पण चेहरा कोरडाच राहिला. त्याने मधला आवाज वाढवत नेला, हळूहळू, आणि एका जागी आल्यावर तिचा चेहरा असा सैल झाला की त्याचा हात तिथेच थांबला. वीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लग्नात त्याचं वाजवणं तिने पहिल्यांदा ऐकलं होतं, तेव्हा ती अशीच दिसली असणार. तो वाजवत राहिला. त्याच्या कानी नुसतं घुमल्यासारखं काहीतरी येत होतं. नूतन मात्र रडत होती आणि हसतही होती, आणि गिरजाबाई उंबऱ्यात पुन्हा येऊन बसल्या होत्या. म्हातारी म्हणाली, आता कसं गोड लागतंय गो.

त्याने लहाना घेतला. शंभरवाला घेतला असता तर तो सगळ्यांना ऐकू गेला असता, हे खरं. पण लोक कानांवर हात ठेवून ऐकणार, आणि आपण खुशाल डोळे मिटून वाजवणार, हे चित्र त्याला सोसवेना. लहाना पालखीच्या गर्दीत एकटा ऐकू जाणार नव्हता. त्याची वायर सुशीलच्या मिक्सरलाच लावावी लागणार होती. महिपतीने हे सगळं समजून-उमजूनच तो घेतला.

पेणला कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. आतली नस गेली आहे, डावी जास्त, ती काही परत यायची नाही, आणि यापुढे भोंग्याजवळ उभं राहिलात तर बोलणंही ऐकू येणार नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. महिपतीने त्यांना विचारलं की दाजी शेवटी शेवटी कुणाचं काही ऐकायचे नाहीत, ते वयामुळेच ना? डॉक्टरांनी दाजींना कधी पाहिलेलं नव्हतं. ते काय सांगणार?

पालखीच्या आदल्या दिवशी महिपती सुशीलच्या घरी गेला. तोवर दोघांत बोलणं नव्हतं. तो म्हणाला की लीड धनेशने वाजवावा, पण त्याला भोंग्याखाली उभं करू नकोस, लांब वायर दे आणि दहा हात दूर ठेव. कोणी मानाचं बोललं तर माझ्याकडे पाठव. सुशीलने मान डोलावली. मग महिपतीने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली.

"पालखी देवळातनं निघताना पहिलं गाणं मी वाजवीन. माझी लाइन चालू ठेव. टोचलं तर टोचू दे. पण चालू ठेव."

सुशीलने त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला.

दुपारी चारला पालखी उठली. देवळापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. महिपती भोंग्याखाली उभा राहिला, हे शेवटचंच म्हणून. लहान्यावरचे नॉब त्याने रोह्याला खडूने खूण करून ठेवले होते, त्याच खुणांवर लावले. सुशीलकडे पाहिलं, सुशीलने अंगठा वर केला. धनेश टेम्पोत कीबोर्डपाशी बसला होता, त्याचे हात कीबोर्डवर होते की मांडीवर, ते टेम्पोच्या फळीमुळे खालून दिसत नव्हतं.

ढोल सुरू झाला आणि महिपतीने चाल उचलली. ढोल त्याला पोटात कळत होता. वरचं काही कळत नव्हतं. बोटांना जे ठाऊक होतं ते बोटं वाजवत होती, आणि तो लोकांच्या तोंडांकडे बघत होता. लोक नाचत होते. बायका फुगडीला भिडल्या होत्या. म्हातारे हात वर करून गिरक्या घेत होते. कोणीही कानाला हात लावला नाही, कोणाच्या कपाळाला आठी नव्हती. जित्याच्या हळदीलाही लोक असेच नाचले होते.

गाणं संपलं. शिट्ट्या वाजल्या असाव्यात, पोरांच्या तोंडातली बोटं दिसली. महिपतीने केबल काढली, गिटार गळ्यातून उतरवली आणि गर्दीतून वाट काढत नूतनपाशी गेला. ती देवळाच्या पायरीवर उभी होती. त्याने उजवा कान तिच्या तोंडाशी नेला.

"लाइन चालू व्हती?"

"व्हय," नूतन म्हणाली. "सगळी तुमचीच वाजली."

त्याने मागे होऊन तिचा चेहरा निरखून पाहिला. चेहरा निर्मळ होता, हसरा होता. ह्याच चेहऱ्याने चार महिने जित्याच्या हळदीची गोष्ट ऐकून घेतली होती. लाइन बंद असती तरी ती व्हयच म्हणाली असती, आणि सुशीलनेही अंगठा वरच केला असता. ते दोघं त्याच्यावर जीव टाकत होते, आणि त्यामुळेच आता खरं काय ते विचारायला गावात त्याला माणूस उरला नव्हता. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला आणि पालखी पुढे गेली.